'भंगारभाव'मधले ड्रम

"उम्या, त्या वायरीला हात लावू नको, शॉक बसंल," असं मी ओरडले आणि तेवढ्यात तो बसलाच.

"आई गं!" करून रातपाळी बँडचा गायक सुताच्या पोत्यावर जाऊन आदळला. ह्याचा आवाज ऐकून पुण्यामुंबईची पोरं स्टेजपुढं डोकी आपटून घ्यायची, आणि इथं हा पोत्यावर पडून मनगट चोळत होता. सन्मती खो खो हसला. माझ्या धाकट्या भावाला इतकं हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, म्हणून मलाही हसू आलं.

कारखान्याच्या सुट्टीचा दिवस होता. कारखाना म्हणजे अण्णांचा, आमच्या घरामागचा यंत्रमागांचा पत्र्याचा शेड. इचलकरंजीत माग बंद असले की माणसाला चुकल्यासारखं होतं. खडखडाटात जन्म गेलेला. बाकीच्या गावांत मेटल वाजवणाऱ्या पोरांना शेजारी शिव्या घालतात. आमच्याकडे मागांपुढं ड्रम ऐकू येतोय कुणाला! म्हणून रातपाळीचा सगळा सराव शेडच्या मागच्या खोलीत, माग चालू असतानाच व्हायचा. माग थांबले की ह्यांनीही थांबायचं, एवढी एकच अट अण्णांनी घातली होती.

उमाकांत म्हेत्रे गायचा, म्हणजे गुरगुरायचा. तौफिक बागवान गिटार वाजवायचा. ड्रमवर आमचा सन्मती. आणि मी त्रिशला, त्याची अक्का, ह्या बँडची पहिली चाहती आणि पहिली शत्रू. 'कानठळ्या' नावाचं माझं एक पान होतं इंटरनेटवर. त्यावर मी बँडच्या प्रत्येक गाण्याचं पोस्टमॉर्टेम करायची. सख्खा भाऊ म्हणून कधी दयामाया दाखवली नाही. आई म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हिला कोण करून घेणार देव जाणे.

नव्या अल्बमची आमची एक रीत होती. जगाला ऐकवायच्या आधी तो ह्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी, बंद मागांच्या मधे बसून ऐकायचा. संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग आधी मी बोलायचं. आणि मग सगळ्यांनी आमच्या घरी जेवायचं, तेही दिवस मावळायच्या आत, कारण आम्ही जैन. सांजवेळेच्या आत मुगाची आमटी ओरपणारा दुसरा मेटल बँड महाराष्ट्रात असेल असं मला वाटत नाही.

पण त्या दिवशीची गोष्ट निराळी होती. दोन वर्षांपूर्वी ह्याच शेडमध्ये चालत्या मागाचा धोटा उडाला होता. धोटा म्हणजे कापडात आडवा धागा टाकत इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोच. सुटला की गोळीसारखा येतो. तो सन्मतीच्या डाव्या मनगटावर बसला. हाड जुळलं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काही जागं झालं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. सन्मती रबरी चेंडू दाबत राहिला, दाबत राहिला. जेवताना चेंडू, झोपताना चेंडू. दुसरं काही बोलायचा नाही. मिरजेच्या एका कार्यक्रमात उम्या माइकवरून सांगून बसला होता, "पुढच्या अल्बमवर सन्मतीच वाजवणार, नाहीतर अल्बमच नको!" लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या. सन्मती खाली उभा राहून रडला होता.

मग ते पुण्याला रेकॉर्डिंगला गेले. परत आला तेव्हा सन्मती एवढंच म्हणाला, "वाजवलं गं अक्का. तुकड्या-तुकड्यानं घेतलं त्यांनी, पण वाजवलं." आणि आता तो अल्बम तयार होऊन आला होता. नाव 'भंगारभाव'. गावातले माग भंगारात जायला लागले होते त्यावर. आमच्या घरात मात्र प्रश्न एकच होता, त्यात सन्मतीचा हात आहे की नाही. हात असेल तर पोरगा परत मिळाला. नसेल तर काय, ह्याचा विचार आई-अण्णांनी केला नव्हता आणि मीही केला नव्हता.

"लाव," मी म्हटलं.

पहिल्या गाण्याची सुरुवात मागाच्या खटक्यानं होती, एकच माग, सावकाश. मग तौफिकची गिटार खालून आली, चिखलातून बैल वर यावा तशी. उम्याचा आवाज तर असा लागला होता की माझ्या हातावर काटा आला. "काट्यावर चढव, बापाचा माग चढव," असं तो ओरडत होता, आणि दर वेळी 'बापाचा' म्हणताना आवाज जरासा फाटत होता. मी ह्या पोराला दहा वर्षं ऐकत होते. हे त्याला कधी जमलं नव्हतं. दुसरं गाणं धावतं, तिसरं जड आणि संथ. मनात म्हटलं, अरे लेको, शिकलात की!

आणि ड्रम. ड्रम तर वाहत्या पाण्यासारखे होते. मी डोळे मिटून त्यात माझा भाऊ शोधत होते.

सन्मतीची एक खोड होती. जोरात काही वाजवायच्या आधी त्याचा डावा हात एक बारीकशी टिचकी मारायचा, जेमतेम ऐकू येईल अशी. लहानपणी आईच्या पिठाच्या डब्यावर वाजवायचा तेव्हापासूनची. ती टिचकी पहिल्या गाण्यात सापडली आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आला! आला हात! पण मग ती दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली, आणि दर वेळी तेवढीच आली. तेवढ्याच जोराची, तेवढ्याच अंतरावर. अण्णा कापडाचं टोक हातात धरून सांगायचे, हे दोन नंबरच्या मागाचं, हे दाराजवळच्या. प्रत्येक मागाची खोट कापडात उतरते म्हणायचे. इथं खोटच नव्हती.

चौथ्या गाण्यात दोन्ही पायांनी मोठा ड्रम बडवायची लांबलचक धाव आहे. असल्या जागी सन्मती नेहमी उतावीळ होऊन पुढं सरकायचा, अगदी हात धड होता तेव्हाही. "काय रे, एस्टी सुटत होती काय?" म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. इथं तो केसभरही सरकला नाही.

मी डोळे उघडले. सन्मतीचे मिटलेले होते. उजवा हात गुडघ्यावर ठेका धरत होता, डावा मांडीवर उताणा. चेहऱ्यावर असं समाधान की मला बघवेना. तौफिक टोपलीतल्या सुताच्या कांड्यांशी चाळा करत होता. उम्या स्वतःच्या चपलांकडं बघत होता, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

रीतीप्रमाणे आता मी बोलायचं होतं.

"आजवरचा तुमचा सगळ्यात चांगला अल्बम आहे," मी म्हटलं. "उम्या, तू तर कमाल केलीस."

उम्यानं श्वास सोडला.

"आणि ड्रम?" सन्मतीनं विचारलं. डोळे असे चमकत होते त्याचे!

मला गप्प बसता आलं असतं. पण माझं तोंड ते. "ड्रम तू वाजवलेले नाहीत, सन्मती."

तो हसला. "म्हणजे? लई भारी झालेत म्हणून?"

"नाही. मशीननं वाजवलेत. कॉम्प्युटरवर. त्यात तू नाहीयेस."

"अगं, एडिटिंग असतंय ते! सगळेच करतात. जरा इकडचं तिकडं सरळ करून घेतात. होय का नाही रे उम्या?"

उम्यानं तौफिककडं बघितलं. तौफिकनं कांडी टोपलीत ठेवली.

"होय की," उम्या म्हणाला. "थोडं सरळ केलंय. वाजवलंय त्यानंच."

"माझ्याकडं बघून सांग," मी म्हटलं.

"वाजवलंय गं अक्का त्यानंच!"

सन्मती उठला. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मग लाल झाला. "झालं समाधान? जन्मभर हेच केलंस तू. शाळेत मला बक्षीस मिळालं तर म्हणालीस परीक्षक मामाचा मैतर होता. दोन वर्षं, दोन वर्षं हा हात घेऊन मी कसा जगलो तुला माहीताय? आणि आज पहिल्यांदा..." त्यानं मान झटकली. "तुला माझं चांगलं बघवतच नाही. कान तपासून घे जा."

"सन्मती, ऐक तरी."

"नको. ऐकलं मी."

तेवढ्यात आई दारात. "आवरा की रे, दिवस कलला! ताटं वाढली म्हणजे कुणाची वाट बघायची?"

जेवताना आई मात्र खुशीत होती. उम्याच्या ताटात भाकरी टाकत तिनं विचारलं, "मग, वळायला लागली म्हण की बोटं ह्याची?"

"होय मावशी," उम्या घास तोंडात असतानाच म्हणाला. भाकरी तशीच राहिली.

तो हौदावर हात धुवायला गेला तशी मी मागोमाग गेले. "आता बोल," मी म्हटलं.

तो बराच वेळ हातच धूत राहिला. "एक गाणं धड लागलं नाही, अक्का. काठी सुटायची हातातून. चार-पाच ठोके बरे, की सुटली. तो म्हणायचा, आलं, आलं, परत घ्या. स्टुडिओतला माणूस तोंड फिरवून बसायचा. शेवटी तो घरी आल्यावर आम्ही दोघांनी बसून एकेक ठोका कॉम्प्युटरवर लिहिला. त्याच्यासारखंच लिहिलं गं. ती टिचकीसुद्धा घातली."

"आणि त्याला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलंस की आता. मानलं त्यानं?"

मी म्हटलं, "पुण्याला तीन-चार महिन्यांनी कार्यक्रम आहे. तिथं कोण वाजवणार? तुझा कॉम्प्युटर?"

"तोवर हात येईल त्याचा," उम्या म्हणाला. पण ते त्यालाच पटलं नाही. "मी लोकांपुढं बोलून बसलो होतो गं अक्का. आता कसं म्हणू, गड्या, तू नको?"

त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं, आणि त्याची कीवही येत होती. मी नुसती आत निघून आले.

अल्बम बाहेर आला आणि गाजला. सगळ्यात जास्त गाजले ते ड्रम. मुंबईच्या कुणीतरी लिहिलं, ह्या ड्रमरला अपघात झाला होता यावर विश्वास बसत नाही. सन्मतीनं ते अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. अण्णांनी त्याला परत वाचायला लावलं. माझ्याशी तो बोलत नव्हता. 'कानठळ्या'वर लोक विचारत होते, अक्का, 'भंगारभाव'वर लिहिणार कधी? मी काहीच लिहिलं नाही.

आणि मग सराव सुरू झाला. माग चालू झाले की सन्मती मागच्या खोलीत जायचा, कानात अल्बम लावायचा आणि त्याच्याबरोबर वाजवायला बघायचा. स्वतःच वाजवलेलं स्वतःला परत वाजवायचं, त्यात काय अवघड? पहिल्या आठवड्यात तो म्हणायचा, सवय गेलीय. दुसऱ्या आठवड्यात म्हणायचा, स्टुडिओतल्या काठ्या हलक्या होत्या. मग त्यानं मनगटाला काठी चिकटपट्टीनं बांधली. संध्याकाळी ती पट्टी सोडवताना आई तोंडात पदर घालून रडायची. हात भोपळ्यासारखा सुजायचा. मी गरम पाण्याची पिशवी दाराशी ठेवायची. तो घ्यायचा, पण माझ्याकडं न बघता.

एकदा तौफिक येऊन बसला, नुसता बसून राहिला आणि निघून गेला. जाताना मला म्हणाला, "अक्का, मला हे बघवंना झालंय."

"मग सांग त्याला," मी म्हटलं.

"माझी छाती नाही होत," तो म्हणाला. मग महिनाभर तो आलाच नाही.

एक दिवस सकाळीच वीज गेली. माग एकदम थांबले. मी अंगणात गहू निवडत होते. शेडमधून सन्मतीची हाक आली, "अक्का." कितीतरी दिवसांनी आलेली. मी सूप तसंच टाकून धावले.

तो ड्रमपुढं बसला होता. काठ्या खाली पडलेल्या. "बस इथं," म्हणाला. हेडफोनची एक बोंडी स्वतःच्या कानात ठेवली, दुसरी मला दिली. "चौथं गाणं लावतो. परत एकदा ऐक आणि खरं सांग. हे मी हाय का नाही?"

"सन्मती, त्या दिवशी..."

"त्या दिवशीचं सोड. मी लई विचार केला. तू म्हणालीस ते खरं असंल, तर धोटा लागला त्याच दिवशी सगळं संपलेलं. ही दोन वर्षं मी खुळ्यागत चेंडू दाबत बसलो. आणि उम्या, तौफिक माझ्या तोंडावर खोटं बोलले. म्हणजे हात बी गेला आणि मैतर बी गेले." त्यानं खाली पडलेली काठी उचलली. "आणि तू चुकली असलीस, तर एकदा तरी आलेला हात. आता गेला परत, तर गेला. पण आलेला. सांग. तू म्हणशील ते मानतो मी. तुझ्याइतकं मला कुणी ऐकलेलं नाही."

गाणं सुरू झालं. आमच्या दोघांत एक वायर, आणि तिच्यातून ते मशीन धडाधडा वाजत होतं, न चुकता, न दमता. मी शेवटपर्यंत ऐकलं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, लहानपणी गोष्ट ऐकताना बघायचा तसा.

"चुकलं रे माझं," मी म्हटलं. "तूच आहेस."

"कशावरनं?"

"टिचकी आहे की तुझी. डाव्या हाताची. ती दुसऱ्या कुणाला येतीय?"

"हाय ना?" त्यानं माझा हात धरला. "मला बी तेच वाटलं! टिचकी हाय की त्यात!" आणि तो रडायला लागला, हमसून हमसून, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, बरं झालं. आता मन हलकं होईल, आता पोरगा जरा सावरेल, मग बघू काय ते.

त्यानं डोळे पुसले, फोन काढला आणि उम्याला लावला. "उम्या, पुण्याला दुसरा गडी बघ. नाही, नाही, राग कसला? माझं झालं गड्या. ड्रम पण ने इथनं, त्याला होतील."

मी म्हटलं, "अरे खुळा का काय तू? सोडतोस कशाला? सावकाश वाजव. ह्या हाताला झेपेल ते वाजव, तीन बोटांचं वाजव. साधं वाजव, संथ वाजव, तुझं असं काहीतरी निघेल त्यातनं."

तो माझ्याकडं बघून हसला. अगदी मायेनं हसला.

"हे वाजवल्यावर आता ते वाजवू व्हय गं अक्का?"

त्यात तू नव्हतासच, म्हणून वाजव, असं आता कुठल्या तोंडानं सांगणार होते मी? पाचच मिनिटांपूर्वी तर शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं होतं. वीज आली. माग सुरू झाले. त्या आवाजात तो काहीतरी म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मग त्यानं ड्रमवर चादर टाकली आणि अण्णांच्या हाताखाली सुताची पोती उचलायला गेला.

सांगलीचा एक मुलगा रातपाळीत आला. चांगला वाजवायचा. सन्मतीनं स्वतः त्याला ड्रम टेम्पोत चढवून दिले, कुठली झांज कशी बसवायची ते दाखवलं. पुण्याच्या कार्यक्रमात उम्यानं माइकवरून सन्मतीचं नाव घेतलं तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सन्मती गेला नव्हता. आणखी दोन वर्षांत बँड मोडला. 'कानठळ्या' मी बंद केलं. ऐकायला बसले की कान नको ते शोधायला लागायचे. पुढं आमचेही माग भंगारवाल्याच्या काट्यावर चढले. डावा हात सन्मतीनं परत कधी चालवून बघितला नाही. मनगटापासून तो आता वाळत गेलाय.

मधे मी मिरजेच्या एका फिजिओथेरपीवाल्या बाईंना सहज म्हणून सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तेव्हा सावकाश वाजवत राहिला असता तर अर्धा हात तरी नक्की आला असता. मी घरी येऊन कुणाला काही बोलले नाही.

सन्मती आता एका सुताच्या दलालाकडं कामाला आहे. लग्न झालंय, संसार बरा चाललाय. मी भाऊबीजेला जाते. जेवणं दिवसाउजेडीच होतात, मग तो स्पीकर काढतो आणि 'भंगारभाव' लावतो. त्याची बायको, सुनंदा, मला हळूच विचारते, "खरंच हे वाजवायचे का हो असं, वन्सं? ह्यांना साधा नारळ फोडता येत नाही."

"होय," मी म्हणते. "त्यानंच वाजवलंय."

सन्मती खूश होतो. विचारतो, "अक्का, सगळ्यात भारी कुठल्या गाण्यात वाजवलंय गं मी?"

मी म्हणते, "चौथ्या." मग तो तेवढंच गाणं परत लावतो, डावा हात मांडीवर ठेवून डोळे मिटून घेतो, आणि मी शेवटपर्यंत ऐकत बसते.